मराठवाड्याच्या परसात पुदिना: लावावा कसा आणि आवरावा कसा

मराठवाड्यात पुदिना लावणाऱ्याला एकाच वर्षात दोन उलट कामे करावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेड, बीडकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा हे रोप जगवणे हेच मोठे काम असते, आणि मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की तेच रोप वाफ्याची कड ओलांडून मेथीत, कोथिंबिरीत आणि तुळशीच्या बुडाशी शिरू लागते. उन्हाळ्यात वाळून गेला असे समजून ज्याच्याकडे दुर्लक्ष केले, तो पुदिनाही पहिल्या दोन-तीन पावसांत जमिनीखालच्या खोडावरून पुन्हा फुटतो. म्हणून या लेखात लागवडीइतकीच जागा त्याच्या पसाऱ्याला दिली आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: घरच्या गरजेपुरता पुदिना कुंडीतच लावावा, आणि जमिनीत लावायचाच असेल तर आधी त्याला अडवणारी कड मातीत बसवून मगच रोप लावावे. हा क्रम उलटा केला तर कड बसेपर्यंत खोडे तिच्या पलीकडे गेलेली असतात.

पुदिना पसरतो कसा

पुदिना तुळशीच्या कुळातला आहे. दांडी बोटांत धरून फिरवली तर ती गोल नसून चौकोनी असल्याचे लगेच कळते, आणि पाने पेरापेरावर समोरासमोर जोडीने येतात. उभ्या दांड्यांची आपल्याला काळजी नाही. लक्ष ठेवायचे ते आडव्या खोडांवर. रोपाच्या बुडापासून निघून मातीला चिकटून सरपटणारे, किंचित जांभळट रंगाचे एक खोड असते आणि त्याला छोटी पाने असतात. दुसरे खोड मातीच्या आत असते, पांढरे, रसरशीत, पाने नसलेले. या दोन्ही खोडांना दर एक-दोन इंचांवर पेर असते, प्रत्येक पेरावर डोळा असतो आणि ओल मिळाली की त्याच पेराला खालून केसासारखी मुळे सुटतात. त्यामुळे खुरप्याने तुटून मातीत राहिलेला, एकच पेर असलेला बोटभर तुकडासुद्धा स्वतंत्र रोप होतो. हराळी आणि लव्हाळ्याशी झगडलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यातली दिलासा देणारी बाब अशी की ही खोडे फार खोल जात नाहीत. बहुतेक पसारा वरच्या वीतभर मातीतच असतो. त्यामुळे दीड फूट खोलीची कड पुरेशी ठरते. मात्र कड जमिनीच्या पातळीला असून चालत नाही, कारण वरून सरपटणारे खोड ती सहज ओलांडते. कुंडीच्या बाबतीतही पुदिना दोन वाटांनी निसटतो: काठावरून लोंबलेली दांडी खालच्या मातीला टेकते आणि मुळे धरते, किंवा बुडाच्या छिद्रातून मुळे आणि खोडे बाहेर पडून कुंडीखालच्या जमिनीत उतरतात. दुसरी वाट कुंडी उचलून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

बेणे कोठून घ्यावे

बियांपासून पुदिना लावण्याच्या फंदात पडू नये. पुदिन्याच्या जाती एकमेकींशी सहज संकर पावतात, त्यामुळे बियांपासून आलेल्या रोपाला आईच्या पानांचा वास असेलच असे नाही. पेपरमिंट तर संकरित असल्याने त्याला बी बहुधा धरतच नाही. बाजारातली ताजी जुडी हेच उत्तम बेणे आहे. चटणीसाठी मऊ, खरबरीत, हिरव्यागार पानांचा आणि गोडसर वासाचा पुदिना निवडावा. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या आसपास मेंथॉलच्या तेलासाठी जो जपानी पुदिना मोठ्या क्षेत्रावर घेतात, त्याचा वास नाकात झोंबतो आणि चटणी कडवट होते. रोपवाटिकेतून रोप घेताना म्हणूनच एक पान चुरगळून हुंगावे, आणि आवडले तरच रोप घ्यावे.

जुडीतून पेन्सिलीपेक्षा बारीक पण लवचीक, फुले न आलेल्या पाच-सहा दांड्या निवडाव्यात. प्रत्येक दांडी पेराच्या किंचित खाली धारदार कात्रीने कापून चार ते सहा इंचांची करावी, खालची दोन-तीन पेरे मोकळी होतील एवढी पाने काढावीत आणि शेंड्याकडची चार-सहा पाने ठेवावीत. या दांड्या काचेच्या पेल्यात अशा ठेवाव्यात की मोकळी पेरे पाण्यात बुडतील आणि एकही पान पाण्यात राहणार नाही, कारण बुडालेले पान कुजून पाणी नासवते. पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत, जेथे उजेड असेल पण थेट ऊन नसेल, तेथे ठेवावा आणि पाणी एक दिवसाआड बदलावे. आठवडा ते दोन आठवड्यांत पेरांवर पांढरे ठिपके उठून त्यांची मुळे होतात. मुळे दोन बोटे लांब झाली की लगेच मातीत लावावे. पेल्यात फार दिवस ठेवलेली मुळे नाजूक होतात आणि मातीत गेल्यावर दांडी मान टाकते.

शेजारी कोणाकडे जुना पुदिना असेल तर हेही करावे लागत नाही. मुळ्या फुटलेले आडवे खोड चार इंचांचे तोडून दोन इंच खोलीवर आडवे पुरले की काम होते.

लागवडीचा काळ आपल्याकडे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा. परतीचा पाऊस संपलेला असतो, ऊन उतरलेले असते आणि उन्हाळ्याच्या आत मुळे भरायला चार-पाच महिने मिळतात. थंडीत परभणीकडे किमान तापमान १० अंशांच्या खाली उतरले तर वाढ काही दिवस मंदावते, पण रोप मरत नाही. जूनमध्येही लागवड साधते. मार्चनंतर पाऊस पडेपर्यंत मात्र नवी लागवड करू नये.

माती

आपल्या भागातली काळी माती शेताला वरदान असली तरी तीच एकटी कुंडीत भरली तर पुदिन्याचे हाल होतात. पाणी दिले की ती चिबडते, दोन दिवस पाणी चुकले की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वरची माती ओली दिसते आणि मुळांशी कोरड राहते. म्हणून काळी माती एक भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि नदीची जाड वाळू किंवा कोकोपीट एक भाग असे मिश्रण करावे. तांबडी माती मिळत असेल तर काळीच्या जागी ती घ्यावी. बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड पुरे. शेणखत कच्चे असेल तर हुमणीची अळी आणि गवताचे बी दोन्ही घरात येतात. खताला शेणाचा वास उरलेला नसावा, ही साधी परीक्षा.

शेताच्या माती परीक्षणाचा अहवाल घरात असेल आणि परसात त्याच रानातली माती आणलेली असेल, तर त्यातले सामू (म्हणजे पीएच, मातीची आम्लता-विम्लता) आणि मुक्त चुना हे दोन आकडे जरूर पाहावेत. पुदिन्याला ६ ते ७.५ सामू मानवतो. चुनखडीच्या मातीत सामू ८ च्या पुढे असतो, आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसले की पुष्कळजण खत वाढवतात, पण उपाय तो नव्हे. पुदिना आधी कापून घ्यावा, नव्या फुटव्यांवर चिलेटेड लोहाची (पानांना सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी वेष्टनावरील प्रमाणाने करावी आणि पुढच्या वेळी कुंडीची माती बदलावी.

कुंडीतली लागवड

पुदिन्याला खोलीपेक्षा रुंदी हवी. बारा ते पंधरा इंच रुंद आणि आठ-दहा इंच खोल असे कोणतेही भांडे चालते: पसरट कुंडी, जुने घमेले, टब, कापलेला ड्रम. लोखंडी घमेले उन्हात तापून कडेची मुळे भाजते, म्हणून ते सावलीच्या जागीच वापरावे. बुडाला बोटाच्या जाडीची चार-पाच छिद्रे पाडून त्यांवर मच्छरदाणीच्या किंवा शेडनेटच्या जाळीचा दुहेरी तुकडा पसरावा. पाणी निघून जाते आणि खोडांना बाहेर पडायला वेळ लागतो. वर्षभराने माती बदलताना ही जाळीही बदलावी. त्यावर विटांचे बारीक तुकडे आणि मग मिश्रण भरावे. काठाखाली दोन इंच जागा रिकामी सोडावी. ती जागा पाणी देण्यासाठी लागतेच, शिवाय सरपटणारे खोड काठाला अडते आणि आपल्या नजरेस पडते.

एका कुंडीत तीन ते चार दांड्या, एकमेकींपासून चार इंचांवर, दोन पेरे मातीत जातील अशा लावून माती हलक्या हाताने दाबावी. पहिले आठ-दहा दिवस कुंडी सावलीत ठेवावी. पुढे तिला सकाळचे चार ते पाच तासांचे ऊन आणि दुपारनंतरची सावली मिळावी, म्हणजेच घराच्या पूर्व बाजूचा ओटा किंवा गॅलरी ही उत्तम जागा. कुंडी मातीवर कधीही टेकवू नये. फरशीवर, दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवावी, आणि महिन्यातून एकदा उचलून बुडाशी काय चालले आहे ते पाहावे.

एका कुंडीत एकच प्रकारचा पुदिना असावा आणि दुसरे काहीही नसावे. कोथिंबीर, ओवा, तुळस यांच्याबरोबर लावलेला पुदिना दोन-तीन महिन्यांत त्यांची जागा घेतो.

जमिनीत लावायचा असेल तर

खेड्यात परस मोठे असते आणि पाहुण्यांच्या पंगतीला कुंडीतला पुदिना पुरत नाही, हे मान्य आहे. अशा वेळी बूड कापलेली मोठी प्लास्टिकची बादली किंवा ड्रमचा दीड फूट उंचीचा तुकडा जमिनीत पुरावा. खड्डा वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी असताना खणावा. भांडे असे बसवावे की त्याचा काठ जमिनीच्या वर दोन ते तीन इंच राहील, बाहेरच्या बाजूने मुरूम ठोकून भरावा आणि आत वर सांगितलेले मिश्रण घालावे. बाहेरून मुरूम घालण्यामागे कारण आहे: काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या ओढाताणीत भांडे तिरके होते किंवा वर उचलले जाते, आणि तिरके झालेल्या बाजूने काठ जमिनीला मिळाला की पुदिन्याला वाट मिळते. मुरमाचा चार बोटांचा थर ही हालचाल बरीच सोसून घेतो. भांड्याभोवती हातभर पट्टा गवत काढून मोकळा ठेवावा, त्यावर फरशीचे तुकडे बसवले तर अधिक चांगले. बाहेर पडलेला फुटवा त्या मोकळ्या पट्ट्यात लगेच दिसतो.

पुष्कळ घरी पुदिना मोरीच्या तोंडाशी लावलेला असतो, कारण तेथे बारा महिने ओल असते. मला ही जागा दोन कारणांनी पटत नाही. पुदिना आपण कच्चा खातो, आणि साबण, खरकटे व नहाणीचे पाणी ज्या मातीत मुरते तेथील पान कितीही धुतले तरी मनाचे समाधान होत नाही. दुसरे असे की पाण्याच्या वाटेने खोडांचे तुकडे वाहत जातात आणि पुदिना नालीभर पसरतो.

पाणी आणि उन्हाळा

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या भागात राहणाऱ्याला पुदिन्यासाठी रोज बादलीभर पाणी घाला असे सांगणे योग्य होणार नाही, आणि तशी गरजही नाही. मातीत बोटाची दोन पेरे खुपसून पाहावीत. आत कोरडे लागले तरच पाणी द्यावे. थंडीत दोन-तीन दिवसांनी, मार्चनंतर रोज संध्याकाळी, आणि द्यावे तेव्हा बुडातून थोडे निथळेपर्यंत द्यावे. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेले बिनमिठाचे पाणी चालते, एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही चालते.

दोन पाणी मात्र टाळावीत. पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी आणि कूलरच्या टाकीत उरलेले पाणी, या दोन्हींत बोअरचे क्षार साठून दाट झालेले असतात. बोअरच्या साध्या पाण्यानेही कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते आणि पानांच्या कडा करपतात. तशी खपली दिसू लागली की कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोडे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत. पावसाळ्यात हे काम पाऊस फुकट करतो, म्हणून पुदिन्याच्या कुंड्या जुलैमध्ये पत्र्याखाली ठेवू नयेत.

मार्चच्या मध्यास पुदिना जमिनीपासून चार बोटांवर कापावा, कुंडी पूर्ण सावलीत किंवा ५० टक्के सावली देणाऱ्या हिरव्या जाळीखाली न्यावी आणि मातीवर उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट किंवा वाळलेला पाला दोन इंच पसरावा. तीन-चार कुंड्या असतील आणि पाणी टँकरचे असेल तर सगळ्या जगवण्याचा आग्रह सोडावा. सर्वांत निरोगी एक कुंडी बेण्यासाठी राखावी आणि बाकीच्यांचा पुदिना कापून सावलीत वाळवून डब्यात भरावा. राखलेली कुंडी बोटभर पाणी असलेल्या परातीत ठेवली तर ती खालून पाणी ओढून घेते आणि वरून उडून जाणारे पाणी वाचते. परातीतले पाणी एक दिवसाआड ओतून द्यावे, नाहीतर डास होतात, आणि आठवड्यातून एकदा पाणी वरूनही द्यावे. मे महिन्यात पाने बारीक, जाडसर आणि फिकी येतात. त्यांची चटणी चांगली होत नाही, पण रोप आपला जीव सांभाळत असते. त्या काळात त्याला खत घालू नये.

कापणी

रोप वीतभर झाले की पहिली कापणी करावी. पाने एकेक तोडत बसण्यापेक्षा पूर्ण दांडी, खाली दोन पेरे ठेवून, पेराच्या लगेच वर कापावी. त्या पेरावरच्या दोन डोळ्यांतून दोन फुटवे येतात आणि कुंडी दाट होते. थंडीत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा कापणीला येते. शेंड्यावर फुलांचे तुरे दिसू लागले की लगेच खुडावेत, कारण पुढे पाने लहान होतात आणि त्यांची चव राठ होते. दर दुसऱ्या कापणीनंतर दोन मुठी गांडूळखत पुरे. युरियाने पुदिना झपाट्याने वाढतो, पण दांड्या लुसलुशीत होऊन लोळतात, पानांना वास राहत नाही आणि मावा लगेच बसतो.

मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवावी. उन्हाळ्यात पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली बारीक जाळे दिसले तर तो कोळी असतो. त्यालाही पाणी आणि ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. पानाखाली नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या असतील तर तो तांबेरा, आणि तेव्हा सगळा पुदिना मातीलगत कापून जाळून टाकावा.

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास कुंडी उलटी करून मुळांचा गड्डा बाहेर काढावा. मधला भाग लाकडासारखा आणि रिकामा झालेला असतो, तर पांढरी खोडे कुंडीच्या भिंतीला गोल गोल फिरलेली दिसतात. मधला भाग टाकावा, कडेची ताजी खोडे चार-चार इंचांची तोडून नव्या मिश्रणात लावावीत. हे केले नाही तर दुसऱ्या वर्षी कुंडी भरलेली दिसते, पण पाने येत नाहीत, आणि खोडे बुडातून बाहेर पडू लागतात.

पावसाळ्यातली राखण

जून ते सप्टेंबर हे चार महिने दर आठवड्याला पाच मिनिटे द्यावीत. काठाबाहेर लोंबणारी दांडी कापावी, पुरलेल्या भांड्याचा काठ बोट फिरवून तपासावा, भोवतीच्या पट्ट्यात आलेला फुटवा खुरप्याने मुळासकट काढावा. काढलेले तुकडे वाफ्यावर किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत, ओल मिळताच ते तेथेच रुजतात. पत्र्यावर किंवा गच्चीवर पसरून काडी बोटांत कडकन मोडेपर्यंत वाळवावेत, आणि मगच खतात घालावेत.

आधीच पसरला असेल तर

येथे घाई केली की काम वाढते. रोटाव्हेटर किंवा कुदळीने वाफा उलथला तर खोडांचे शेकडो तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा फुटतो. तणनाशक परसबागेत वापरू नये. शेजारी भाजीपाला असतो आणि मातीखालच्या खोडांवरून पुदिना बहुधा पुन्हा येतोच. हाताने काढणे हाच मार्ग आहे, आणि त्यासाठी वाफसा साधावा. काळी माती ओली असेल तर खोडाला चिकटून ते तोडते, कोरडी असेल तर ढेकळात धरून ठेवते. वाफशावर खुरपे किंवा काट्यांचे फावडे बाहेरच्या कडेपासून आत नेत माती उचलावी, ढेकूळ हाताने फोडावे आणि पांढरे खोड एका टोकाला धरून सावकाश ओढावे. घाई न करता ओढले तर हातभर लांबीचे खोड सलग निघते, आणि ते कोणत्या दिशेला गेले आहे हेही कळते. वीतभर खोलीपर्यंत हे काम पुरते करावे.

यानंतर आपल्या उन्हाळ्याचा उपयोग करून घ्यावा. एप्रिलच्या सुरुवातीला तो वाफा भिजवून, सपाट करून, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि त्याच्या चारही कडा मातीने घट्ट दाबाव्यात. पारदर्शक कागदातून ऊन आत जाते आणि ओल्या मातीत उष्णता कोंडून राहते. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातले उरलेले बरेचसे तुकडे मरतात. कागद कोठेही फाटू देऊ नये, कारण वाफ गेली की परिणाम जातो.

मृगाच्या पावसानंतर त्या वाफ्यात काही लावू नये. उरलेले डोळे पहिल्या पंधरा-वीस दिवसांत फुटतात; फुटवा दोन-चार पानांचा असतानाच मुळाशी असलेला तुकडा शोधून काढावा, नुसता शेंडा खुडून सोडू नये. सप्टेंबरपर्यंत नवा फुटवा दिसेनासा झाला की त्या जागी मेथी किंवा पालक पेरावा. कांदा, लसूण, बटाटा मात्र वर्षभर तेथे घेऊ नये, कारण ते खणताना राहिलेले खोड पुन्हा तुटून पसरते.